रिकाम्या ऑर्गनची साथ

निवृत्तीनंतर माणसे सहसा ज्या गोष्टींत रमतात, त्यांपैकी एकही मला साधली नाही. सकाळी फिरायला जावे, तर ओळखीचे कुणी दिसताच मी पलीकडच्या फुटपाथवर जात असे. आणि ज्येष्ठ नागरिक संघात पहिल्याच दिवशी उभे राहून स्वतःची ओळख करून द्यावी लागते असे कळल्यामुळे तिकडे मी फिरकलेच नाही. परळच्या एका महाविद्यालयात मी संस्कृत शिकवत असे. त्या वर्गात विद्यार्थी फार नसतात, हे माझ्या विषयनिष्ठेचे एक प्रमुख कारण असावे. अशी बाई साठीच्या उंबरठ्यावर चिंचपोकळीच्या एका गाळ्यात हार्मोनियम-दुरुस्तीची उमेदवारी करू लागली, हे माझ्या नातेवाइकांना अजून पटलेले नाही. मलाही ते पूर्णपणे पटले आहे, असे नाही.

झाले ते असे. मी पेटी वाजवायला शिकत होते. काही महिन्यांनी गुरुजींनी अत्यंत सौजन्याने सांगितले, की सुरांशी माझी मैत्री आहे, परंतु तालाशी परिचय केवळ औपचारिक आहे. ते खरेच होते. मात्र दोन सूर एकमेकांपासून केसभर जरी सरकले, तरी मला दातात कळ आल्यासारखे होते. या कळीला कंटाळून मी माझी पेटी बाबी मेस्त्रींच्या गाळ्यात नेली. मेस्त्री मूळचे मालवणकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते आणि फावल्या वेळात भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करत. मेस्त्रींनी माझी पेटी उघडली, एकेक सूर वाजवून दाखवला, आणि कोणता चढला, कोणता उतरला हे मी त्यांच्या आधी सांगत गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिले.

"बाई, तुमका कान आसत. हात नाय आसत. पण हात मागसून येतत."

त्या 'मागसून'वर विसंबून मी दुसऱ्या दिवशी गाळ्यात जाऊन बसले. हात अद्याप यायचे आहेत.

वाचकांना या धंद्याविषयी थोडे सांगायला हवे. पेटीच्या आत पितळेच्या पातळ जिभ्या असतात. त्यांनाच आम्ही सूर म्हणतो. वारा जिभेवरून गेला की ती थरथरते आणि आवाज निघतो. जिभेचे टोक कानशीने किंचित घासले तर सूर चढतो, बुडाशी घासले तर उतरतो. जास्त घासले तर जीभ तुटते आणि मेस्त्री काही न बोलता चहा मागवायला बाहेर जातात. माझ्या उमेदवारीच्या काळात त्यांनी पुष्कळ चहा घेतला.

आता पेटी आणि जुना पायाने वाजवायचा ऑर्गन यांतील फरक. संगीत नाटकांतून साथीला असे, तो हा ऑर्गन: कपाटाएवढा, खाली दोन पेडल, वर दोन्ही हात मोकळे. पेटी वारा बाहेर फेकते. ऑर्गन वारा आत ओढून घेतो. त्यामुळे पेटी समोरच्याला उद्देशून बोलते, तर ऑर्गन स्वतःशीच बोलत असल्यासारखा वाटतो. मला कोणता अधिक जवळचा, हे सांगायला नको. ऑर्गन आता दुर्मीळ झाले. काहींना वाळवी लागली, काही जिन्यावरून उतरवता येईनात म्हणून जागच्या जागी मोडले गेले. पण ज्यांच्या कानांत तो गोल, किंचित ओलसर आवाज बसला आहे, त्यांना दुसरे काही चालत नाही. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर ऑर्गनचे बटण असते; ते दाबले की ऑर्गन परदेशी स्थायिक झाला असून तिथून फोनवर बोलतो आहे, असा भास होतो. म्हणून काही मंडळी साधी पेटी घेऊन आमच्याकडे येतात आणि म्हणतात, हिचा ऑर्गन करून द्या.

हे काम मेस्त्रींना आवडत नसे. "म्हशीक घोडो करूचो आसा काय?" असे ते विचारत. मला मात्र ते आवडले. सूर उलटे बसवायचे, भात्याची झडप फिरवून वारा आत ओढायला लावायचा, जिभांना हलकासा पीळ द्यायचा, वर फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, झडप चढवून आवाजाचे टोक मारायचे. एवढे केल्यावर पेटी ऑर्गनसारखी बोलते. निदान ऑर्गनच्या धाकट्या बहिणीसारखी तरी.

माझे पहिले गिऱ्हाईक लालबागचे एक भजनी बुवा होते. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या समोरासमोरच्या सामन्यात, प्रतिस्पर्ध्याला आवाजानेच गार करण्याचा त्यांचा मनसुबा होता. मी फार मनापासून काम केले. पेटीला असा मृदू, घरंदाज, अंतर्मुख आवाज आला की मलाच भरून आले. सामन्यानंतर बुवा गाळ्याच्या दारात उभे राहिले.

"म्याडम, पेटी वाजत होती का हो काल?"

"म्हणजे? वाजली नाही का?"

"तेच विचारतोय! समोरचा बुवा माझ्या तोंडावर गवळण फेकतोय आणि माझी पेटी आपली देवघरात बसल्यासारखी! माझ्या झांजवाल्यानं विचारलं, बुवा, भाता मारायला विसरलात काय?"

मी ती पेटी पूर्ववत करून दिली. मेस्त्री तेव्हाही चहाला गेले, परंतु त्या वेळी जाताना त्यांचे खांदे हलत होते.

या कामात माझी एक खासियत मात्र नावारूपाला आली. वाद्यातली कुरकुर मला सहन होत नाही. पेडल करकरणे, झडप आपटणे, भाता धापा टाकणे हे माझ्या मते रोग होत. आपल्याकडे आलेल्या प्रत्येक वाद्याला मी आधी फेल्ट, मेण आणि चामड्याच्या चकत्या लावून गप्प करत असे. "चिंचपोकळीच्या बाईंकडून वाद्य आलं की नुसता सूर ऐकू येतो," असे लोक म्हणू लागले. हे वाक्य मी एकांतात स्वतःशी म्हणूनही पाहिले आहे.

अशा सुखात असताना आप्पा आले.

आप्पा फणसवाडीतल्या एका जुन्या हौशी नाट्यमंडळाचे ऑर्गनवादक. सोबत मंदाताई होत्या. मंदाताईंनी त्याच मंडळाच्या संगीत नाटकांतून उभे आयुष्य नायिका केल्या, आणि त्यांना साथ कायम आप्पांची. मंदाताईंनी ऐंशी केव्हाच ओलांडलेली. अंगाने चिमूटभर, नऊवारीत, नजर मात्र अजून प्रॉम्प्टरला घाबरवील अशी.

"बाई, माझे गुडघे गेले," आप्पांनी सुरुवात केली. "डॉक्टरांनी नवे घालून दिलेत, पण ते ऑर्गनच्या पार्टीतले नाहीत. पेडल मारू देत नाहीत."

"गुडघ्यांचं पुराण पुरे," मंदाताई म्हणाल्या. "मुद्द्याचं सांग."

मुद्दा असा होता, की वाडीच्या गणपतीत मंदाताई दर वर्षी एक नाट्यपद म्हणत. गेल्या वर्षी आप्पा इस्पितळात असल्यामुळे साथीला कीबोर्ड आणला होता. मंदाताईंची पहिलीच ओळ चुकली. पुन्हा सुरू केले, पुन्हा चुकली. तेव्हा त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि त्या खाली बसल्या. तेव्हापासून घरातसुद्धा त्या गायल्या नव्हत्या.

"आवाज आहे अजून," त्या मला म्हणाल्या. "पण ओळ कधी उचलायची तेच कळत नाही. ऑर्गन असला की कळतं. यंदा वाडीवाल्यांनी परत विचारलंय. यंदा उभी राहिले नाही, तर पुढच्या वर्षी मला कोण विचारणार आहे?"

त्यांच्या स्वरात विनवणी नव्हती. कुणी गाडीचे वेळापत्रक सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. आणि मी, जिला समोरच्याला नाही म्हणताना घाम फुटतो, ताबडतोब हो म्हटले.

आप्पांचा स्वतःचा ऑर्गन टेम्पोतून गाळ्यात आला. वरचा भाग वाळवीने पोखरलेला होता. मात्र आतले सूर शाबूत होते. ते पाहून मला जी कल्पना सुचली, तिचा मला बरेच दिवस अभिमान वाटत होता. आप्पांच्या ऑर्गनमधलेच सूर काढायचे आणि ते एका मोठ्या पेटीत बसवायचे. वारा आत ओढायला एक छोटी मोटर, तिचा आवाज येऊ नये म्हणून ती गादीने मढवलेल्या खोक्यात, दूर, मधे नळी. म्हणजे सूर तेच, वारा तसाच, आप्पांचे दोन्ही हात मोकळे आणि गुडघ्यांना पूर्ण रजा. आता हिला ऑर्गन म्हणायला कुणाची हरकत असणार होती?

सूर बसवायला पेटीत खाचा नव्याने कोराव्या लागल्या. मी हळू, फार हळू काम करते. एका जिभेशी माझा संवाद अर्धी सकाळ चालतो. पण पेटी तयार झाली, आप्पांनी खर्जावर बोटे ठेवली, आणि गाळ्याच्या दाराशी उभा असलेला शेजारचा फॅब्रिकेशनवाला हातातले कटर बंद करून ऐकू लागला. आप्पांचे डोळे पाणावले. मेस्त्री म्हणाले, "घोडो झालो हो बाई." याहून मोठे प्रशस्तिपत्र मला आयुष्यात मिळालेले नाही, आणि यात माझ्या पीएच.डी.चाही समावेश आहे.

मग मंदाताई ऐकायला आल्या. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, पेटीशेजारी अनवाणी उभ्या राहिल्या, एक हात लाकडावर ठेवला. मला वाटले, वाद्याविषयी आदर. आप्पांनी पदाचे सुरुवातीचे संगीत वाजवले. ओळीची जागा आली. गेली. मंदाताई तशाच उभ्या.

"अगं, घे ना!"

"कुठे घेऊ?"

"मी मान हलवली की!"

"तुझी मान बघू की लोकांकडे बघू? मान तू साठ वर्षांत कधी हलवली नाहीस, आता कुठून आणलीस?"

पुन्हा वाजवले. या वेळी मंदाताईंनी ओळ घेतली ती लवकर, आणि मधेच सोडून दिली. त्या आप्पांच्या हातांकडे पाहत नव्हत्या; पेटीच्या खाली, आप्पांच्या स्वस्थ ठेवलेल्या पायांकडे पाहत होत्या. हे मी पाहिले आणि त्याचा अर्थ लावला, की बिचाऱ्यांना वाईट वाटून त्यांनी मान खाली घातली आहे. जन्मभर श्लोकांचे अर्थ लावण्याचा व्यवसाय केलेल्या व्यक्तीची ही आकलनशक्ती.

मंदाताई स्टुलावर बसल्या. "आवाज अगदी तोच आहे हो बाई," त्या म्हणाल्या. "तुमचा काही दोष नाही. माझंच आटपलं आता."

अशा वेळी मी हाताला काम शोधते. मेस्त्रींनी कधीपासून सांगितले होते, की त्या ऑर्गनच्या खालच्या सांगाड्यातल्या स्प्रिंगा चांगल्या आहेत, त्या काढून ठेवा. सांगाडा कोपऱ्यात होता: दोन पेडल, फाटका भाता, वर काही नाही. ते वाद्य मृत घोषित झालेले असल्यामुळे मी त्याला फेल्ट वगैरे लावून गप्प केलेले नव्हते. मी स्प्रिंगांचा जोर पाहण्यासाठी पेडल दाबू लागले. ठक्क, भस्स. ठक्क, भस्स. गाळ्यात पोटमाळ्याखाली जमिनीवर लाकडी फळ्या घातलेल्या आहेत, त्या मंदाताईंच्या स्टुलापर्यंत हादरत होत्या. एक स्प्रिंग अडकली होती म्हणून मी उजवे पेडल तळापर्यंत जोराने दाबले.

आणि मागून मंदाताईंनी ओळ उचलली.

मोठ्याने नव्हे, स्टुलावर बसल्या बसल्या, आपल्या नकळत. पण ओळ पुरी, नेटकी, जिथून निघायला हवी तिथून. ज्या ऑर्गनमध्ये एकही सूर उरला नव्हता, त्याच्या साथीवर त्या गात होत्या. आणि ज्यात सगळे सूर होते, तो समोर गादीच्या खोक्याशेजारी मूकपणे बसला होता.

मी थांबले. त्याही थांबल्या.

"काय झालं?" त्यांनी विचारले.

आप्पा खुर्चीतून अर्धवट उठले होते. "मंदा, तू पेडलवर घेत होतीस?"

"म्हणजे?"

"ओळीच्या आधी मी उजवा पाय पूर्ण दाबायचो. लांब सुरात वारा कमी पडू नये म्हणून. वारा भरत होतो गं मी!"

मंदाताईंनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिले. "मला वाटायचं, तू मला सांगतोयस. आता घे म्हणून. स्टेजच्या फळीतून पायाला कळायचं."

"इतकी वर्षं?"

"मग! म्हणून तर तुझ्याशी कधी भांडले नाही."

"भांडली नाहीस?" आप्पा माझ्याकडे वळले. "बाई, ऐकताय ना? भांडली नाही म्हणते!"

मी ऐकत होते, पण मला दुसरेच काही दिसत होते. मी आजवर किती पेडलांच्या बुडाला फेल्ट लावले, किती ठकठक कायमची मिटवली, आणि प्रत्येक वेळी दोन पावले मागे सरून समाधानाने ऐकले. मेस्त्रींनी चहा मागवला. या वेळी मात्र ते बाहेर गेले नाहीत.

पुढचा प्रश्न उघड होता. आप्पा नवी पेटी वाजवतील, पण रिकामे पेडल कोण मारणार? आप्पांचे गुडघे नाहीत. साथीचे तबलजी मांडी घालून बसलेले असणार. मेस्त्रींनी दोन्ही हात वर केले. "माका स्टेजचो भारी भय. लहानपणी दशावतारात माकड केलेलंय, शेपूट सुटली."

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी माझी बाजू व्यवस्थित मांडली. मला ताल नाही, सभाधीटपणा नाही, वर्गात हजेरी घेतानाही माझा आवाज खोल जाई. आप्पा म्हणाले, ताल नकोच. त्यांनी "हं" म्हटलं की मी उजवा पाय दाबायचा, एरवी आपलं संथ चालू ठेवायचं. मंदाताई फक्त उठल्या आणि कोपऱ्यातल्या सांगाड्यावरची धूळ पदराने पुसू लागल्या. यावर कोणता युक्तिवाद करता येतो, ते मला अजून सुचलेले नाही.

वाडीच्या मंडपात स्टेज फळ्यांचे होते, हे पाहून बरे वाटले. समोर माणसे होती, हे पाहून वाटले नाही. सांगाड्यावर एक जरीची शाल टाकली होती. तिच्यामागे मी, करण्यासारखे काहीच नसलेले हात मांडीवर ठेवून, बसले. निवेदक उत्साही होता. "ऑर्गनची साथ करताहेत आपले आप्पा! आणि त्यांना..." त्याने माझ्याकडे, मग शालीकडे, मग चिठ्ठीकडे पाहिले. "...त्यांना खालून साथ करताहेत प्राध्यापक बाई!" टाळ्या पडल्या. मागे कुणीतरी "खालून म्हणजे?" असे विचारले, तेही मला ऐकू आले. कान आहेत ना.

मंदाताई अनवाणी येऊन उभ्या राहिल्या. आप्पांनी वाजवायला सुरुवात केली. मी संथ चालू ठेवले. आप्पांना खोकला आला. तो खोकला मला "हं" वाटला आणि मी उजवा पाय तळापर्यंत दाबला.

मंदाताईंनी श्वास घेतला. खांदे उचललेले मला मागून दिसले. जागा चुकीची होती. आणखी एका क्षणात त्या सुटल्या असत्या, आणि गेल्या वर्षीचेच पुन्हा झाले असते. त्यांनी मान किंचित वळवून माझ्याकडे पाहिले. माझा चेहरा बहुधा पुरेसा बोलका असावा. त्यांनी तो श्वास तसाच धरला, मग हळूच सोडून दिला. आप्पांनी काही घडलेच नाही अशा थाटात संगीताला आणखी एक वळसा दिला. ओठांतल्या ओठांत म्हणाले, "खोकू नये आता मी."

मग आला तो खरा "हं". मी पाय दाबला. फळी हादरली, आणि ओळ उठली.

त्या आवाजाच्या कडा उसवल्या होत्या, वरच्या जागा त्या पूर्वीसारख्या घेत नव्हत्या, टाळून जात होत्या. पण टाळण्याची जागासुद्धा सुरेल होती. पुढच्या दोन रांगांतली कुजबुज थांबली आणि लहान मुलांना कुणी खाली बसवले. पद संपले. मंदाताई बसल्या नाहीत. आप्पांकडे वळून त्यांनी दुसऱ्या पदाचे नाव सांगितले, जे ठरलेलेच नव्हते.

"त्यात वारा कुठे भरायचा?" मी घाबरून कुजबुजले.

"मी खोकेन," आप्पा म्हणाले.

कार्यक्रम संपल्यावर माणसे मंदाताईंभोवती जमली. मी शालीची घडी घालत होते. एवढ्यात पहिल्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ माझ्यापाशी आले. जाणकार असावेत, डोळे मिटून ऐकताना मी त्यांना पाहिले होते.

"ऑर्गनचा आवाज काय सुंदर हो! कैक वर्षांनी ऐकला."

माझे कान तापले. मी पुटपुटले, की आपल्याला आवडले याचा आनंद आहे.

"फक्त एक सांगू? राग नका मानू. खालून ठकठक फार होते. चांगल्या गाण्यात तेवढीच खोट. चिंचपोकळीला एक बाई आहेत म्हणे, त्यांना दाखवा. त्या कुरकुरीचं नावही उरू देत नाहीत."

पलीकडून मंदाताईंचा आवाज आला. गर्दीतूनही त्यांना सगळे ऐकू जात होते. "खबरदार दाखवलंत तर!"

गृहस्थ गोंधळले. त्यांना खरे काय ते सांगायला हवे होते. मी तोंडही उघडले. परंतु स्वतःची ओळख करून देण्याचा प्रसंग मला आजवर कधी निभावता आलेला नाही. म्हणून मी नम्रपणे त्या बाईंचा पत्ता विचारून घेतला.